गायनशाळेपासून विद्यापीठापर्यंत : शास्त्रीय गायनाचे शिक्षण आणि उस्तादांची परंपरा

काही वर्षांपूर्वी बी.ए.च्या शेवटच्या वर्गातील एक विद्यार्थिनी आपल्या वडिलांना घेऊन मला भेटायला आली. उर्दू किंवा मराठी घेऊन एम.ए. करण्याऐवजी तिला विद्यापीठाच्या संगीत विभागात शास्त्रीय गायनासाठी प्रवेश घ्यायचा होता. वडिलांचा विरोध सरसकट नव्हता. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "सर, गाणे हा कॉलेजात बसून शिकायचा विषय आहे का? आणि तिथे आपल्या लोकांचे काय आहे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी कसेबसे दिले. दुसऱ्याचे उत्तर मनाशी ठाऊक असूनही चार वाक्यांत सांगता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दुसऱ्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर होय.

या विषयावर आपल्याकडे एक ठरलेले विधान ऐकू येते. उस्तादांनी विद्या घराण्यात कोंडून ठेवली, सुशिक्षित पंडितांनी ती मुक्त केली, आणि त्यातून आजचे संगीत विद्यालय व विद्यापीठाचा संगीत विभाग जन्माला आला, असे ते विधान आहे. त्यात सत्याचा अंश आहे. परंतु ते पूर्ण सत्य नाही. बडोद्याचा इतिहास पाहिला तर तेथे सरकारी गायनशाळेचा पहिला प्रमुखच एक उस्ताद होता असे दिसते. बडोदे हे उदाहरण म्हणूनच निवडले आहे. संस्थानी शाळा, दरबार, संगीत परिषद आणि विद्यापीठ हे चारही टप्पे तेथे एकाच शहरात पाहता येतात.

मौलाबक्ष आणि गायनशाळा

मौलाबक्ष यांचा जन्म १८३३ चा. मूळ नाव चोलेखान. उत्तरेकडून आलेल्या या गायकाने हिंदुस्थानी गायकी घसीटखां यांच्याकडे आत्मसात केली आणि पुढे दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीताचा अभ्यास केला. म्हैसूर दरबारात त्यांचा मोठा सन्मान झाला. त्या काळी एका पद्धतीच्या गवयाने दुसऱ्या पद्धतीकडे शिष्यभावाने पाहावे ही गोष्ट विरळा होती. कर्नाटक संगीतातील शिक्षणाचा ठरलेला क्रम त्यांच्या पाहण्यात आला. संगीत पायरीपायरीने शिकवता येते, या त्यांच्या विश्वासामागे हा अनुभव असावा असे मानायला जागा आहे.

बडोद्यात तिसरे सयाजीराव गायकवाड १८७५ साली गादीवर आले आणि १८८१ साली त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. शिक्षण हा त्यांच्या राजवटीचा गाभा होता. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ साली तो संस्थानभर लागू केला. १८८६ साली सुरू झालेली गायनशाळा याच दृष्टीचा भाग होती. सरकारी शाळेत गणित आणि भूगोल शिकवला जातो तसे गाणेही शिकवावे, त्यासाठी वर्ग, वेळापत्रक आणि क्रमिक पुस्तके असावीत, अशी ही कल्पना होती. ती प्रत्यक्षात आणण्याचे काम मौलाबक्ष यांच्याकडे आले.

गाणे वर्गात शिकवायचे तर ते कागदावर उतरवावे लागते. मौलाबक्ष यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली आणि तिच्या आधारे पाठ्यपुस्तके रचली. 'संगीतानुभव' हे त्यांचे पुस्तक १८८८ चे आहे. संस्थानातील मुले गुजराती आणि मराठी बोलणारी, म्हणून या पुस्तकांची भाषाही त्यांची भाषा झाली. येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले ते ५ मे १९०१ रोजी. विष्णु नारायण भातखंडे यांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'चे प्रकाशन सुरू झाले ते त्याहूनही पुढे. या दोघांचे कार्य विस्ताराने आणि परिणामाने निःसंशय मोठे आहे. परंतु स्वरलेखन, क्रमिक पुस्तक, वर्ग आणि सर्वसामान्य घरातील विद्यार्थी या चारही गोष्टी बडोद्याच्या गायनशाळेत त्यापूर्वी एकत्र आल्या होत्या, आणि त्या एकत्र आणणारा मनुष्य खानदानी उस्तादांच्या तालमीत वाढलेला होता.

मौलाबक्ष १८९६ साली निवर्तले. त्यांचे पुत्र मुर्तजाखां गायक होते. दुसरे पुत्र अलाउद्दीनखां, ज्यांना बडोद्यात डॉ. ए. एम. पठाण म्हणत, लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकून आले. (मैहरचे सुप्रसिद्ध उस्ताद अलाउद्दीनखां हे वेगळे.) मौलाबक्ष यांचे दौहित्र इनायतखां यांचा जन्म ५ जुलै १८८२ रोजी बडोद्यातच झाला. ते या गायनशाळेत शिकले आणि तेथेच त्यांनी शिकवलेही. १९१० साली ते अमेरिकेला गेले आणि पुढे पाश्चात्त्य देशांत सूफी विचारांचे शिक्षक म्हणून जगभर ओळखले गेले. जाण्यापूर्वी त्यांनी संगीतावर उर्दूत 'मिन्कार-ए-मूसीकार' हा ग्रंथ लिहिला. तो अलाहाबादहून प्रसिद्ध झाला. आजोबांनी मराठी-गुजराती मुलांसाठी पुस्तके लिहिली आणि नातवाने उर्दू वाचकांसाठी. एका घरातील दोन पिढ्यांनी संगीताचे लेखी शिक्षण तीन भाषांत पोचवले, ही नोंद आपल्या शैक्षणिक इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

दरबार आणि शाळा

गायनशाळेशेजारी बडोद्यात दुसरी व्यवस्था होती. ती म्हणजे कलावंत खाते, ज्याला कलावंत कारखाना असेही म्हणत. दरबारचे गवई, वादक, नर्तकी हे या खात्याचे नोकर. त्यांच्या कामाचे आणि वेतनाचे लेखी नियम मराठीत होते. कलेला खाते आणि कलावंताला नोकरदार करणारी ही शिस्त सर्वांनाच मानवली असेल असे नाही. परंतु तिच्यामुळे बडोद्यात मोठमोठे गवई स्थिर झाले.

त्यांत अग्रभागी नाव येते ते आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाजखां यांचे. १९१२ च्या सुमारास ते बडोदे दरबारात आले आणि अखेरपर्यंत बडोद्याचेच राहिले. 'आफताब-ए-मौसिकी' ही त्यांची पदवी सर्वश्रुत आहे. सहसवान घराण्याचे फिदाहुसेनखां आणि त्यांचे पुत्र निसारहुसेनखां हेही बडोद्याच्या आश्रयाला होते. एकाच गावात एकीकडे तासावर चालणारी शाळा आणि दुसरीकडे मैफिलीतील जिवंत गायकी, असा हा योग होता. शाळेत शिकणाऱ्या मुलाला उत्तम गाणे म्हणजे काय हे पुस्तकातून कळत नाही. ते कानांनी ऐकावे लागते. बडोद्याच्या विद्यार्थ्याला ती सोय होती.

मार्च १९१६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यात भरली. भातखंड्यांनी उत्तर हिंदुस्थानातील संगीताच्या इतिहासाचा आढावा घेणारे आपले प्रसिद्ध व्याख्यान याच परिषदेत दिले. ध्रुपदगायक जाकिरुद्दीनखां आणि अल्लाबंदेखां उपस्थित होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांच्या श्रुतिविचाराच्या बाजूने अब्दुल करीमखां आले होते. लखनौकडील नवाब अली या परिषदेच्या कार्यात सहभागी होते. त्यांचा 'मआरिफुन्नगमात' हा उर्दू ग्रंथ भातखंड्यांच्या विचारांशी जवळीक सांगणारा आहे. संगीताचे राष्ट्रीय शिक्षण कसे असावे याची चर्चा या परिषदांच्या मालिकेतून पुढे गेली. १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज उभे राहिले ते तिचे फळ. त्या कॉलेजच्या उभारणीत भातखंडे आणि नवाब अली दोघांचाही वाटा आहे.

उस्तादांनी विद्या दडवली का?

आता मूळ विधानाकडे येऊ. उस्तादांमध्ये विद्या राखून ठेवण्याची वृत्ती होती हे नाकारून चालणार नाही. खास तालीम मुलाला, भाच्याला, जावयाला. बाहेरच्याला वरवरची, असा भेद अनेक घरांत होता. काही बंदिशी लग्नात हुंड्यासारख्या दिल्या-घेतल्या जात अशा हकिकती परंपरेत सांगितल्या जातात. परंतु या वृत्तीची कारणे पाहिली पाहिजेत. ज्या घराकडे जमीन नाही, व्यापार नाही, सरकारी शिक्षण नाही, त्या घराची मालमत्ता म्हणजे बंदिशी आणि गळा. दुर्मिळ राग हीच दरबारातील किंमत. शेतकरी जसा वाडवडिलांचा तुकडा सहजासहजी विकत नाही, तसा गवई आपली चीज सहजासहजी देत नसे. यात लोभापेक्षा असुरक्षितता अधिक होती.

शिवाय याच्या उलट पुरावाही भक्कम आहे. ग्वाल्हेरच्या हद्दूखां-हस्सूखां यांची गायकी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे आली. वासुदेवबुवांकडून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, आणि मिरजेत त्यांच्याकडून विष्णु दिगंबरांकडे गेली. महाराष्ट्रातील ख्यालगायनाचा मोठा प्रवाह या एका धारेतून वाहतो, आणि तिच्या उगमाशी आपल्या घराबाहेरच्या मराठी शिष्याला मुक्तहस्ताने देणारे दोन खांसाहेब आहेत. ग्वाल्हेरचेच निसारहुसेनखां (हे बडोद्याच्या निसारहुसेनखांहून वेगळे आणि आधीचे) शंकरराव पंडितांच्या घरी राहिले आणि त्यांना त्यांनी भरभरून विद्या दिली. त्या घरातील कृष्णराव शंकर पंडित यांनी पुढे ग्वाल्हेरमध्ये स्वतःचे विद्यालय चालवले. १९१८ साली भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालेल्या माधव संगीत विद्यालयात राजाभैया पूछवाले यांनी जे शिकवले, तेही याच परंपरेतून आलेले होते.

स्वतः भातखंड्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. उस्तादांच्या शास्त्रज्ञानाविषयी त्यांनी काही ठिकाणी कठोर लिहिले आहे. परंतु 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग उघडले तर त्यांतील दीड हजारांहून अधिक चिजांचा मोठा हिस्सा उस्तादांच्या कंठातून आलेला आहे. जयपूरचे महंमद अलीखां, त्यांचे पुत्र आशक अली आणि अहमद अली, रामपूर दरबारातील वजीरखां अशा अनेकांकडून त्यांनी विद्या मिळवली. या चिजा मराठीत लिहिलेल्या पुस्तकांतून छापल्या गेल्या आणि आज देशातील बहुतेक संगीत विभागांत त्या शिकवल्या जातात. म्हणजे विद्यापीठाच्या वर्गात आपल्या लोकांचे काय आहे, या प्रश्नाचे एक उत्तर असे की वहीत उतरवून घेतलेली चीजच त्यांची आहे.

आणखी एक धागा आपल्या वाचकांना जवळचा वाटेल. श्रीकृष्ण रातंजनकर हे भातखंड्यांचे पट्टशिष्य. भातखंड्यांनीच त्यांना फैयाजखांकडे पाठवले. १९१७ च्या सुमारास बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते बडोद्यात राहिले आणि फैयाजखांचे गंडाबंध शागीर्द झाले. पुढे १९२८ पासून दीर्घकाळ ते लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांच्याकडे लहानपणीच शिकायला गेलेले के. जी. गिंडे हे बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचे. गिंडे यांनी नंतर मुंबईत वल्लभ संगीतालयाच्या माध्यमातून पिढ्या घडवल्या. या संगीतालयाचे संस्थापक स्वामी वल्लभदास हेही फैयाजखांचे शिष्य. आग्र्याचे खांसाहेब बडोद्यात गातात, त्यांचा मराठी शिष्य लखनौत कॉलेज चालवतो, आणि बैलहोंगलचा मुलगा तेथे शिकून मुंबईत शिकवतो. संस्था आणि घराणे यांना एकमेकांचे वैरी मानणाऱ्या विधानात हा प्रवास बसत नाही. रातंजनकरांनी दोन्ही शिस्ती एका अंगात सामावून घेतल्या होत्या.

वर्गात काय मिळाले, काय सुटले

तालमीत शागीर्द उस्तादांच्या मागे तंबोरा घेऊन बसे. महिनोन्महिने एकच राग, कधी एकच पलटा. उस्ताद काय सांगतात यापेक्षा ते काय करतात यावर त्याचे लक्ष. किती दिवसांत किती राग झाले असा हिशेब तेथे नव्हता. विद्यापीठात हिशेब आला. एका वर्षाला ठरावीक रागांची यादी, त्यांतील काहींत विलंबित व द्रुत ख्याल, उरलेल्यांत केवळ द्रुत; एखादे ध्रुपद, एखादा तराणा; तालांची दुगुण-चौगुण हातावर देणे; शास्त्राच्या पेपरात थाट, वादी-संवादी, रागाची वेळ, ग्रंथकारांची माहिती; अखेरीस बाहेरच्या परीक्षकासमोर प्रात्यक्षिक आणि मंचप्रदर्शन. तास संपला की पुढचा वर्ग दाराशी उभा.

या व्यवस्थेतील अडचणी शिकणाऱ्याला लगेच कळतात. वर्गात मुले आणि मुली एकत्र असतात. मुलांचा षड्ज साधारण काळी एक-दोनच्या आसपास, तर मुलींचा काळी चार-पाच. तंबोरा एकाच सुरात लागणार. मग कोणाचा तरी गळा दबतो किंवा ताणला जातो. कागदावरचे स्वर दोन स्वरांमधील मींड दाखवतात, परंतु ती किती सावकाश घ्यायची हे दाखवत नाहीत. आग्रा घराण्याची नोमतोम आणि बोलबाँट, लयीशी चाललेली ती मुरलेली झटापट, वहीत मावत नाही. म्हणूनच विद्यापीठात शिकणारे बहुतेक गंभीर विद्यार्थी संध्याकाळी एखाद्या गुरूच्या घरी जातात. पदवी वर्गात मिळते आणि गाणे घरी, असे विद्यार्थी स्वतःच हसत सांगतात.

तरीही वर्गाने जे दिले ते लहान नाही. गवयाच्या घरात न जन्मलेल्या मुलाला दार उघडले. मुलींच्या बाबतीत तर हा बदल मूलभूत होता. उस्तादांच्या घरातील मुलींना चार लोकांत गाण्याची मुभा बहुधा नसे. पेशाने गाणाऱ्या स्त्रियांना तालीम मिळे, पण समाजात मान मिळत नसे. आणि मध्यमवर्गीय मुलीला दोन्ही वाटा बंद. शाळा, हजेरीपट, परीक्षा आणि प्रमाणपत्र यांनी तिच्या गाण्याला घरच्यांच्या नजरेत प्रतिष्ठा आणली. माझ्यासमोर आलेल्या त्या विद्यार्थिनीच्या वडिलांनाही 'डिग्री' या शब्दानेच थोडा धीर आला होता. शास्त्राचा तौलनिक अभ्यास, दुसऱ्या घराण्याविषयी आदर, ध्वनिमुद्रणे ऐकण्याची सवय याही वर्गाच्याच देणग्या आहेत.

१९४९ नंतर : पदवी आणि खुर्ची

१९४९ हे बडोद्याच्या इतिहासातील वळणाचे वर्ष. त्या वर्षी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. श्रीमती हंसा मेहता पहिल्या कुलगुरू होत्या. सुरसागर तलावासमोरचे संगीत विद्यालय विद्यापीठात आले आणि संगीत, नृत्य व नाट्य यांचे पदवीशिक्षण तेथे सुरू झाले. मौलाबक्ष यांची गायनशाळा अशा प्रकारे विद्यापीठाचा विभाग बनली. पुढच्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १९५० रोजी, उस्ताद फैयाजखां बडोद्यातच पैगंबरवासी झाले.

या दोन घटना केवळ योगायोगाने जवळ आलेल्या नाहीत असे मला वाटते. त्या एक युग संपल्याच्या खुणा आहेत. दरबार गेला तेव्हा कलावंत खात्याचा आधार गेला. कलावंताला आता दोनच मोठे आश्रयदाते उरले : आकाशवाणी आणि शिक्षणसंस्था. आकाशवाणी गळा तपासून घेत होती. शिक्षणसंस्था कागद तपासून घेऊ लागली. सुरुवातीच्या पिढीत खानदानी गवयांना वर्गावर घेतले गेले. परंतु अध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवी, नंतर नेट किंवा पीएच.डी., अशी पात्रता जसजशी पक्की होत गेली तसतशी ती वाट अरुंद झाली. ज्या घरात सहा वर्षांचा मुलगा पहाटे रियाजाला बसतो, त्या घरात मॅट्रिकची परीक्षा दुय्यम असते. वीस वर्षांची तालीम घेतलेला मनुष्य अर्जाच्या पहिल्याच रकान्यात अडू लागला.

माझ्या मते मूळ दुखणे येथे आहे. पदवी ही शिष्याच्या शिक्षणाची खूण म्हणून निर्माण झाली. ती गुरूकडेच मागितली जाऊ लागली. उस्तादांच्या चिजा अभ्यासक्रमात राहिल्या, त्यांची नावे शास्त्राच्या पेपरात टिपा लिहिण्यापुरती राहिली, पण त्यांची मुले-नातवंडे खुर्चीवर आली नाहीत. ती न आल्यामुळे त्या समाजातील विद्यार्थ्यांनाही विभाग परका वाटू लागला. त्या वडिलांचा प्रश्न या परकेपणातून आलेला होता. २००२ सालच्या दंगलीत बडोद्यातील फैयाजखांच्या मजारीची नासधूस झाली, त्या वेळी देशभरच्या कलावंतांनी हळहळ व्यक्त केली. ज्या शहराने या गवयाला चार दशके जपले त्या शहरात हे घडावे, याचे दुःख शब्दांत मांडणे अवघड आहे. विस्मरण आधी होते आणि विध्वंस नंतर, इतकेच इतिहासाचा विद्यार्थी म्हणू शकतो.

अर्थात दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. आपल्या समाजानेही संगीताच्या शिक्षणाकडे पाठ फिरवली. गाणे जायज की नाजायज हा वाद जुना आहे. त्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु वैद्यकी, अभियांत्रिकी आणि डी.एड.च्या पलीकडे मुलांना पाठवण्याचा विचार आपल्या शिक्षणसंस्थांनी क्वचितच केला. विद्यापीठाचा दरवाजा अरुंद झाला हे खरे. आपणही तो फारसा ठोठावला नाही.

धारवाडचा धडा

यावर उपाय नव्हता असे नाही. सीमाभागातील वाचकांना धारवाडचे उदाहरण माहीत आहेच. कर्नाटक विद्यापीठाने मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल यांच्यासारख्या कलावंतांना सन्मानाने आपल्या संगीत विभागाशी जोडून घेतले. दोघांचेही शालेय शिक्षण फार थोडे होते. विद्यापीठाने त्यांचे गाणे पाहिले, कागद पाहिले नाहीत. मन्सूरांचे उस्ताद म्हणजे अल्लादियाखांचे पुत्र मंजीखां आणि बुर्जीखां. म्हणजे जयपूर-अत्रौलीची तालीम मन्सूरांच्या रूपाने विद्यापीठात आली.

विद्यापीठाबाहेरही असे प्रयत्न झाले. १९७७ साली कोलकात्यात स्थापन झालेल्या आय.टी.सी. संगीत रिसर्च अकॅडमीने बडोदे दरबार गाजवलेल्या निसारहुसेनखांना गुरू म्हणून बोलावले. त्यांच्याजवळ राहून घडलेले राशिदखां (१९६८–२०२४) किती मोठे गायक झाले हे सांगायला नको. भोपाळच्या ध्रुपद केंद्रात झिया फरीदुद्दीन डागर यांनी शिकवले आणि ध्रुपदाला तरुण गायक मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतही प्रतिष्ठित गुरूकडे शिकलेल्या, आकाशवाणी-दूरदर्शनच्या 'अ' श्रेणीच्या कलावंतासाठी अध्यापकपदाची पर्यायी वाट ठेवलेली आहे. प्रश्न ती वाट किती विभाग मनापासून वापरतात हा आहे.

उर्दूचे काम

भाषेच्या अध्यापकाने या क्षेत्रात काय करावे, याविषयी एक अनुभव सांगतो. ती विद्यार्थिनी अखेर संगीत विभागात दाखल झाली. दुसऱ्या वर्षी तिचा फोन आला. वर्गात दिलेल्या एका चिजेत 'दरस पिया' असे दोन सुटे शब्द लिहिले होते आणि अर्थ 'प्रियकराचे दर्शन' असा सांगितला होता. तो ओळीत बसत नव्हता. मी तिला सांगितले की 'दरसपिया' हा तखल्लुस आहे. अत्रौलीचे महबूबखां या नावाने बंदिशी रचत. ते फैयाजखांचे सासरे. स्वतः फैयाजखांचा तखल्लुस 'प्रेमपिया', विलायतहुसेनखांचा 'प्राणपिया', आणि बडोद्याच्या संगीत शाळेत शिकवणारे तसद्दुकहुसेनखां यांचा 'विनोदपिया'. बंदिशीच्या शेवटी आलेले हे नाव म्हणजे रचनाकाराची सही आहे. सही वाचता आली नाही की दस्तऐवज निनावी होतो. तिने फोन वडिलांच्या हाती दिला. ते म्हणाले, "म्हणजे आमच्याच माणसांची वही आहे तर."

अशा कितीतरी गोष्टी उर्दू जाणणाऱ्याची वाट पाहत आहेत. 'मआरिफुन्नगमात' आणि 'मिन्कार-ए-मूसीकार' मराठीतील किती संगीत अभ्यासकांनी मुळातून वाचले असतील? अल्लादियाखांनी आपली जीवनकथा नातू अजीजुद्दीनखां यांना उर्दूत सांगितली. तिचा इंग्रजी अनुवाद २००० साली आला तेव्हा ती सर्वांपर्यंत पोचली. खांसाहेबांचे आयुष्य मुंबई-कोल्हापुरात गेले असताना हे काम आपल्याकडून आधी व्हायला हवे होते. विलायतहुसेनखां यांचे 'संगीतज्ञों के संस्मरण' हे पुस्तक हिंदीत असल्याने वाचता येते, परंतु घराण्यांच्या इतिहासाचे साधन म्हणून त्याचा हवा तितका उपयोग झालेला नाही.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, शास्त्रीय गायनाचे वर्गशिक्षण हे उस्तादांच्या विरोधात उभे राहिले नाही. बडोद्यात ते एका उस्तादाच्या हातून सुरू झाले. दुसरी, विद्यापीठात शिकवल्या जाणाऱ्या चिजांचा मोठा भाग उस्तादांच्या देण्यातून आला आहे. तिसरी, पदवीच्या अटीमुळे चीज आत राहिली आणि चीज देणारा बाहेर राहिला.

याबाबत आपल्या शिक्षणसंस्थांना तीन लहान कामे सहज करता येतील. संगीत घेऊन शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी, विशेषतः खानदानी घरांतील मुलांसाठी, शिष्यवृत्ती ठेवावी, म्हणजे त्यांना तालीम आणि पदवी यांपैकी एकच निवडावी लागणार नाही. उर्दू विभागांनी संगीतविषयक उर्दू ग्रंथांचे मराठी अनुवाद हाती घ्यावेत. आणि आपापल्या शहरांतील वयोवृद्ध गवई-वादकांच्या आठवणी, बंदिशींसह, ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव या गावांत अशी घरे अजून आहेत; ती फार काळ थांबणार नाहीत.

ती विद्यार्थिनी आता एम.ए.च्या वर्गात आहे. रोज संध्याकाळी एका गुरूंकडे तालीम घेते. आता तिचे वडीलच तिला तेथे सोडायला जातात.